बॅटऱ्यांची तहान

बॅटरीच्या खोलीची किल्ली घरच्यांनी दाजींकडून एकमतानं काढून घेतली. एकमतानं म्हणजे खरोखरच एकमतानं. वर झालेल्या हातांत दाजींचाही हात होता. पण असं काही झालेलं नाही. आपण काही ऐकलेलं नाही. किल्ली दाजींच्या कमरेला आहे, दाजी खुशीत आहेत, आणि बाहेर ऊन पडलंय. इथून सुरुवात करू.

घर टेकडीच्या माथ्यावर होतं आणि विजेचा शेवटचा खांब पायथ्याशी. दाजींचे सासरे, म्हणजे आप्पा, जन्मभर जमिनीच्या मोजणीत होते. घरासाठी जागा निवडताना त्यांनी उतार मोजला, वारा मोजला, कुठल्या खिडकीतून किती डोंगर दिसतील तेही मोजलं. खांब तेवढा राहून गेला. वीज कंपनीचा माणूस एकदा वर येऊन धापा टाकत बसला होता. "वायर इथवर येईल का?" असं आप्पांनी विचारल्यावर तो म्हणाला, "वायर येईल हो. आमची माणसं नाही येणार." तेव्हापासून छपरावर सोलरची पॅनेलं आणि मागच्या खोलीत बॅटऱ्या, एवढ्यावर सगळा कारभार चालला होता.

कारभार म्हणजे मुख्यतः दवाखाना. आप्पांची थोरली मुलगी दातांची डॉक्टर. पुढच्या खोलीत तिची खुर्ची, दिवा, ड्रिल आणि ड्रिलला वारा पुरवणारा एक कॉम्प्रेसर, जो सुरू झाला की कोणालातरी आत कोंडलंय असं वाटायचं. पंचक्रोशीत दुसरा दातांचा डॉक्टर नव्हता, म्हणून लोक गालाला हात लावून टेकडी चढायचे. काहीजण अर्ध्या वाटेत इतके दमायचे की दाताचं दुखणं विसरून तिथूनच बरे होऊन परत जायचे. डॉक्टरीणबाई त्यांनाही आपल्या यशात धरायच्या.

दाजी हे या डॉक्टरीणबाईंचे यजमान. ते पूर्वी छत्र्यांच्या दुकानात होते. दुकान मिटलं आणि ते बायकोच्या माहेरी राहायला आले. धाकटी मेहुणी त्यांना दाजी म्हणायची, ते ऐकून पेशंटही दाजी म्हणायला लागले, आणि बघता बघता दाजींच्या मेहुण्यांची संख्या कुठल्याही सभ्य माणसाला झेपणार नाही इतकी झाली.

घरात प्रत्येकाची आपापली जागा होती. बायकोचा दवाखाना, धाकटीची शिलाईची खोली, सासूबाईंचं स्वयंपाकघर, आप्पांचा व्हरांडा. दाजींना जागा नव्हती. ते स्वयंपाकघरात गेले की सासूबाई "काही हवंय का जावईबापू?" असं विचारायच्या, व्हरांड्यात गेले की आप्पा खुर्ची सरकवून द्यायचे, आणि दवाखान्यात गेले की पेशंट उठून उभे राहायचे. जिकडे जावं तिकडे मान. मानानं माणूस किती दमतो हे घरजावयालाच विचारावं. शेवटी बॅटरीची खोली त्यांच्याकडे आली, तिला कुलूप लागलं, किल्ली कमरेला लटकली, आणि दाजींना पहिल्यांदाच घरात एक अशी जागा मिळाली जिथे त्यांच्यासाठी कोणी उठून उभं राहत नव्हतं.

खोलीत लाकडी मांडणीवर बारा सेल उभे होते. गुडघ्याएवढी उंच, आरपार दिसणारी भांडी. आत शिशाच्या पट्ट्या, त्यांच्या भोवती पाणी मिसळलेलं ॲसिड. प्रत्येक भांड्यावर दोन रेघा. पाणी खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि वरच्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही. चार्जिंग होताना आतलं थोडं पाणी बुडबुडे होऊन उडून जातं, तेवढं डिस्टिल्ड वॉटर अधूनमधून भरायचं. बस, एवढाच संसार.

दाजींनी तो संसार मन लावून केला. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पोटावर धाकटीनं शिवून दिलेला एप्रन. ते सोड्याच्या पाण्यानं बॅटऱ्यांची डोकी पुसायचे, तारांच्या टोकांवरची हिरवट पावडर घासून काढायचे, टोकांना व्हॅसलीन लावायचे. खिडकी कायम उघडी, कारण चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो. आणि मग हायड्रोमीटर. पिचकारीसारखी काचेची नळी. रबरी गोळा दाबून ॲसिड आत ओढायचं, की आत तरंगणारा काटा बॅटरीत किती दम आहे ते सांगतो.

पण दाजींच्या अभिमानाचा विषय वेगळाच होता. त्यांच्या बॅटऱ्या पाणी पीत नव्हत्या.

जगातल्या सगळ्या बॅटऱ्या पितात. दाजींच्या नाही. कधीही जाऊन बघा, पाणी वरच्या रेघेला टेकलेलं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यांनी उघडायला म्हणून काढला आणि न उघडताच परत ठेवला, तो तसाच.

"माझ्याकडे आल्यापासून त्यांनी पाणी सोडलंय," दाजी जेवताना सांगायचे, एखाद्यानं तंबाखू सोडावी तसं.

"अजिबात घालत नाही तुम्ही?" सासूबाई विचारायच्या.

"थेंब नाही."

मग सासूबाई आप्पांकडे बघायच्या, आप्पा धाकटीकडे, धाकटी ताटाकडे. दाजींना वाटायचं, सगळे भारावलेत.

बारीकसारीक तक्रारी होत्या, नाही असं नाही. मांडणीखालची फरशी सारखी ओली असायची. बॅटऱ्यांना घाम येतो, असं दाजींनी ठरवलं. फरशीवर पांढरे डाग पडले. घाम खारट असतो, असं ठरवलं. हायड्रोमीटरचा काटा महिन्यागणिक खाली खाली जायला लागला, तेव्हा मात्र दाजी अस्वस्थ झाले आणि त्यांनी नवा हायड्रोमीटर आणला. नवाही तेच सांगायला लागला. दोन्ही हायड्रोमीटर एकमेकांना सामील आहेत, या निष्कर्षाला ते जवळजवळ पोचले होते.

मग आभाळ आलं आणि जाईना. पॅनेलांना ऊन मिळेना. पूर्वी असे ढगाळ दिवस बॅटऱ्या आरामात काढायच्या, पण आता दुपारच्या आतच त्यांचा जीव जाऊ लागला. दिवे पिवळे पडले. एका पेशंटच्या दाढेत ड्रिल हळूहळू मंदावत थांबलं आणि तिथेच राहिलं. तो पेशंट स्वभावानं गरीब होता. "राहू दे का आतच?" असं त्यानं जमेल तसं विचारलं.

त्या दिवशी जेवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, असं चालणार नाही."

दाजींचा घास हातातच राहिला. एरवी ती त्यांना अरे म्हणायची. रागावली की अहो.

"मी एका कंपनीशी बोललेय," ती म्हणाली. "त्यांचा माणूस येऊन बघणार आहे. सीलबंद बॅटऱ्या मिळतात म्हणे. लहान असतात, जिन्याखाली मावतात. पुसायला नको, मोजायला नको, काहीच बघावं लागत नाही."

"काहीच नाही?" दाजींनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे मागची खोली रिकामी होईल," आप्पा म्हणाले आणि मनातल्या मनात ती मोजायला लागले.

"माझे कापडाचे तागे बसतील तिथे," धाकटी म्हणाली. आणि दाजींचं तोंड बघून घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे, बसतीलच असं नाही."

दाजी हात धुऊन उठले. ते खोलीत जाऊन बॅटऱ्यांची डोकी पुसत बसले. खोली गेली तर सकाळ झाल्यावर माणसानं उठून जायचं कुठे, हा प्रश्न त्यांनी एकेका सेलला विचारून पाहिला. सेलना घाम तेवढा फुटला.

कंपनीचा साहेब ठरल्याप्रमाणे आला. गळ्यात टाय, हातात बॅग आणि उजव्या गालात लिंबाएवढी सूज. सूज दिसू नये म्हणून तो सगळ्यांशी डाव्या बाजूनं बोलत होता, त्यामुळे त्याला तोंड दाखवत राहायचं तर समोरच्याला त्याच्याभोवती थोडं फिरावं लागायचं.

त्यानं बॅटरीच्या खोलीत जाऊन पहिल्या सेलचं झाकण काढलं आणि आत बघितलं. मग दुसऱ्याचं. मग हायड्रोमीटर घालून काटा बघितला.

"यात ॲसिड आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"का? काय झालं?"

"याहून आंबट आमच्या मॅनेजरचा चेहरा असतो." त्यानं वरच्या रेघेकडे बोट दाखवलं. पाणी तिच्याही वर, झाकणाला लागायला आलं होतं. "पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही," दाजी छाती पुढे काढून म्हणाले. "लागतच नाही."

साहेबानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं 'आमचं बाळ जन्मल्यापासून रडलंच नाही' म्हणणाऱ्या बापाकडे बघतात. तो काहीतरी बोलणार होता, पण 'बॅ' म्हणताना त्याचा चेहरा कळवळला आणि हात आपोआप गालाकडे गेला. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते टिपलं.

"अगं ए! पेशंट आलाय!" त्या ओरडल्या.

"नाही नाही, मी ड्युटीवर आहे," साहेब म्हणाला.

"मीसुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

पुढचं भराभर झालं. दाढ पार किडली होती, काढण्याशिवाय इलाज नव्हता. बाईंनी सुई दिली, गालात कापूस कोंबला, पायानं बटण दाबलं. खुर्ची वर जायला लागली. त्याच क्षणी कॉम्प्रेसरला सुरू व्हायची हुक्की आली. दिवा एकदा मोठा झाला, मग बारीक झाला, मग गेला. इन्व्हर्टरनं एक लांब शिट्टी मारली आणि घर गप्प झालं.

खुर्ची मात्र पार वर जाऊन थांबली होती. साहेबाचे बूट डॉक्टरीणबाईंच्या छातीपाशी आणि त्याचं तोंड छताच्या शेजारी.

"आँ?" साहेबानं विचारलं.

"काही नाही, लाइट गेली," बाई म्हणाल्या. "अहो! सगळ्यांना बोलवा!"

दाढेत काम सुरू केल्यावर थांबता येत नाही. बाईंनी स्टूल आणलं. स्टूल डुगडुगत होतं म्हणून आप्पांनी ते धरलं. उजेड नव्हता म्हणून धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर चढून टॉर्च धरून उभी राहिली. सासूबाईंनी साहेबाचा हात धरला. हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तो बिचारा उंचावर एकटा होता. दाजी खाली उभे होते. त्यांनी काहीच धरलं नव्हतं. आता ती खोलीसुद्धा राहणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"असं कसं झालं पण?" सासूबाई हळहळल्या. "आज सकाळीच तर मी पाणी घातलं होतं त्यांना!"

डॉक्टरीणबाईंचा चिमटा हवेत थांबला.

"कोणाला पाणी घातलंस?"

"बॅटऱ्यांना गं. जावईबापू थेंबही घालत नाहीत म्हणतात. मुकी बिचारी, मागायची कोणाकडे? मी रोज घालते तांब्याभर. साधं नाही हं, उकळून गार केलेलं."

"रोज?" आप्पा स्टुलाखालून म्हणाले. "अगं, रोज मी घालतो! बाटलीतलं, बरोबर मापानं. तू कशाला घालतेस?"

"बाबा, तुम्ही पण?" धाकटीच्या हातातला टॉर्च छतावर गेला.

"पण म्हणजे?"

"मी दुपारी घालते. दाजी झोपले की."

"टॉर्च इकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग साहेबाच्या तोंडात बघत, अगदी सहज, "मी पेशंट संपल्यावर घालते."

दाजींनी वर पाहिलं. तिनं खाली पाहिलं नाही.

"पण कुलूप असतं खोलीला!" दाजी म्हणाले.

असं निघालं की त्या कुलपाला घरातली कुठलीही किल्ली लागायची. सासूबाई डब्यांच्या कपाटाच्या किल्लीनं उघडायच्या, आप्पा ट्रंकेच्या, धाकटी शिलाई मशीनच्या खणाच्या. बाईंना किल्लीची गरज नव्हती. त्या दात टोकरायच्या आकड्यानं उघडायच्या. हे फक्त दाजींना ठाऊक नव्हतं. आणि बाकीच्यांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं.

"आँ! आँ आँ!" साहेब वरून म्हणाला. त्याला व्यावसायिकदृष्ट्या काहीतरी सांगायचं होतं.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

"आणि तो कोपऱ्यातला," सासूबाईंचा आवाज मऊ झाला. "फारच खंगला होता गं. त्याला मी थोडं साखरमीठ घालून दिलं."

साहेबानं डोळे मिटून घेतले. त्याच क्षणी दाढ निघाली, आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते दाढेसाठी होतं की कोपऱ्यातल्या सेलसाठी, हे आजवर स्पष्ट झालेलं नाही.

"पण मला कोणी सांगितलं का नाही?" दाजींनी विचारलं.

सगळे साहेबाच्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी आप्पा स्टुलाखालून म्हणाले, "तुम्ही इतक्या अभिमानानं सांगायचात, जावईबापू. पाणी लागतच नाही म्हणून. कसं सांगणार?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," धाकटी म्हणाली.

"एवढं एकच काम तर तुमच्या आवडीचं," सासूबाई म्हणाल्या. "त्यातही चूक काढायची? माणसाला काही जीव असतो की नाही?"

डॉक्टरीणबाई स्टुलावरून उतरल्या. "रात्री मला सांगायचास ना, आज काटा किती आला ते," त्या दाजींना म्हणाल्या. "तोंड एवढंसं झालेलं असायचं तुझं. मला वाटलं, पाणी कमी पडत असेल." आणि हात धुवायला वळल्या.

तुझं, म्हणाली. दाजींनी ते नीट ऐकून ठेवलं.

साधारण जेवणाच्या वेळेला ढग फाटले. पॅनेलांवर ऊन पडलं, इन्व्हर्टर जागा झाला आणि खुर्ची काहीच झालं नाही अशा थाटात खाली आली. साहेबानं जमिनीला पाय लागताच आधी खुर्चीला नमस्कार केला, मग बॅग उचलली, मग ठेवली. अर्धं तोंड बधिर होतं. उरलेल्या अर्ध्यानं त्यानं सगळ्यांना बॅटरीच्या खोलीत उभं केलं.

"पाणी घालायशं, शार्जिंग झाल्यावर," तो म्हणाला. "आधी नाही. आधी भरलं, की शार्जिंगमध्ये फुगतं. फुगलं, की झाकणातून बाहेर येतं. येताना ॲशिड घेऊन येतं. मग तुम्ही पुन्हा पाणी घालता. चौघं! म्हणजे गेलं वर्शभर, तुम्ही बॅटरीला पाणी पाजताय, आणि ॲशिड पाजताय फरशीला!"

सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. फरशीची तब्येत खरोखरच चांगली दिसत होती.

"म्हणजे तो घाम नव्हता," दाजी म्हणाले.

"घाम मला फुटलाय," साहेब म्हणाला. आणि मग, ज्यासाठी आला होता ते त्यानं काढलं. बॅगेतून एक रंगीत कागद. "हे घ्या. शीलबंद. वर्शानुवर्शं उघडायशं नाही."

आप्पांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "याला झाकण कुठंय?"

"नाही."

"मग पाणी कुठून घालायचं?"

"घालायशंच नाही. घालताच येत नाही." साहेबानं अभिमानानं दाजींकडे पाहिलं. "लागतच नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आणि तहान लागली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"लागत नाही, आजी."

"कोण म्हणतं? तुम्ही बघितलंय आत?"

"शीलबंद आहे, कशं बघणार!"

"बघा!" सासूबाई सगळ्यांकडे वळल्या. "आत काय हाल चाललेत ते कळायलाही मार्ग नाही. असलं काही माझ्या घरात यायचं नाही."

"मापच घेता येत नसेल तर उपयोग काय?" आप्पा म्हणाले.

"जिन्याखाली कोंडायचं म्हणजे जरा..." धाकटी म्हणाली. "आणि माझे तागे आहेत तिथे बरे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजी दोन्ही हातांनी मांडणी धरून उभे होते, आगगाडी सुटायच्या वेळी खिडकी धरतात तसे. "ह्याच दुरुस्त होतील का?" तिनं साहेबाला विचारलं.

साहेब हो म्हणाला. विक्री बुडाली होती, पण दाढेचा ठणका थांबला होता, आणि तसल्या माणसाच्या तोंडून खरं बोललं जातं. आधी सावकाश, लांबलचक चार्जिंग द्या, तो म्हणाला. मग मी योग्य ताकदीचं ॲसिड घेऊन एक माणूस पाठवतो, तो एकेका सेलमधलं प्रमाण लावून देईल. "कोपऱ्यातला शोडून. त्याला आता शाखरमीठ पचणार नाही." तो सेल लाइनमधून काढायचा ठरला. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर आप्पांनी सभा घेतली. सभेपुढे एकच विषय होता.

"हे सगळं झालं कारण खोलीला कुलूप होतं," आप्पा म्हणाले. "कुलूप होतं म्हणून चोरून जावं लागलं. चोरून गेलो म्हणून एकमेकांना कळलं नाही. तेव्हा किल्ली जावईबापूंकडे नको."

दाजींनी मान खाली घातली. वाटलंच होतं त्यांना.

"किंवा कोणाकडेच नको," आप्पा म्हणाले. "किल्ली दाराला, सगळ्यांसाठी. पाणी घालायचं ते चार्जिंग झाल्यावर, आणि जावईबापू रेघ बघून 'घाला' म्हणतील तेव्हाच. पण जायचं सगळ्यांनी."

"ह्यांना एकट्याला तिथे बसलेलं मला बघवायचंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी पाण्याच्या निमित्तानं डोकावायचे. तर हे झोपलेले, नाहीतर बॅटऱ्यांची डोकी पुसत असायचे. म्हटलं, जाऊ दे, रमलाय."

रमलाय, म्हणाल्या. रमलेत नाही. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. वरच्या रेघेच्याही वर.

"हात वर करा," आप्पा म्हणाले.

सगळे हात वर गेले, आणि शेवटी दाजींचाही. मग सासूबाईंनी त्यांना वाढलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, "काही हवंय का?" असं न विचारता.

ॲसिडवाला येऊन गेला. काटा पुन्हा वर चढला. कॉम्प्रेसर सुरू झाला तरी दिवा डोळे मिचकावत नाही. अडचण एकच आहे. दाजी "घाला" म्हणतात तेव्हा खोलीत चौघं कॅन घेऊन उभी असतात, एका सेलला चमचाभर पाणी लागतं, आणि चौघांनाही वाटतं की आपलाच चमचा बाकी राहिलाय. शिवाय सासूबाई काढून टाकलेल्या सेलजवळ रोज थोडा वेळ बसतात. म्हणून काल जेवण झाल्यावर दाजी उठून उभे राहिले, घसा साफ केला, आणि कुटुंबप्रमुखांना उद्देशून अधिकृतपणे म्हणाले:

"विषय, बॅटऱ्यांवरील मायेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, कुटुंबातील सर्व सदस्यांनी सदर बॅटऱ्यांबद्दल वाटणारी काळजी यापुढे केवळ मनातल्या मनात करावी. रेघेच्या वर गेलेले प्रेम परत काढून घेण्याची सोय नसल्याने ते आधीच मोजून आणावे. सेवानिवृत्त सेलच्या भेटीस जाताना सोबत तांब्या नेऊ नये. आणि 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य घरात उच्चारण्यास पुढील आदेशापर्यंत मनाई करण्यात यावी. तरी याबाबत त्वरित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."